उभ्या मोटारीचा पावसाळा

कारखान्याचा पट्टा पडला की हंगामी माणसं गावाला जातात, मिल हाउस गप्प होतं आणि इलेक्ट्रिक खात्यात नव्यानं आलेल्या पोराला वाटतं, आता ऑक्टोबरपर्यंत निवांत. तुलाही तसं वाटत असेल, तर आधी एवढं ऐक. नव्या हंगामाच्या पहिल्या आठवड्यात जी मोटार जाते, तिचं नुकसान बहुतेक वेळा आधीच झालेलं असतं, जून ते सप्टेंबरात, ती उभी असताना. बटण दाबल्यावर फक्त निकाल लागतो.

चालती मोटार स्वतःच्या गरमीनं कोरडी राहते. उभ्या मोटारीला ती ऊब दुसऱ्यानं द्यावी लागते. आपला धंदा असा की गळीत ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं आणि मार्च-एप्रिलात संपतं, म्हणजे सगळा पावसाळा आपल्या मोटारी उभ्यानं काढतात. बारमाही चालणाऱ्या कारखान्यात हा प्रश्न एखाद-दुसऱ्या स्टँडबाय पंपापुरता असतो, आपल्याकडे तो यार्डापासून साखर गोदामापर्यंतच्या प्रत्येक मोटारीचा आहे. त्यातून कारखाना राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीच्या बाजूचा असेल तर बोलायलाच नको. माझ्या वस्तादांनी मला सांगितलेलं आणि पुढं कामात मला पटलेलं असं जे आहे, ते तुला सांगतो.

पाणी कुठून येतं ते आधी समजून घे

वाइंडिंग ओलं निघालं की सगळे छपराकडे बघतात. पत्रा गळत असेल तर तो दुरुस्त करच. पण पत्रा धड असतानाही मोटारीत पाणी सापडतं, कारण ते हवेतून आलेलं असतं.

टीईएफसी मोटार बाहेरून बंद दिसते, पण ती हवाबंद नसते. शाफ्टभोवतीची फट, एंड कव्हरचा सांधा, ग्लँड, टर्मिनल बॉक्सचं गॅस्केट, या सगळ्यांतून हवा जाते-येते. मोटार तापली की आतली हवा फुगून बाहेर पडते, थंड झाली की बाहेरची हवा आत ओढली जाते. याला आम्ही मोटारीचा श्वास म्हणतो. पावसाळ्यात तो श्वास दमट असतो. २७ अंशांची पूर्ण दमट हवा एका घनमीटरला सुमारे २६ ग्रॅम वाफ धरते, तीच हवा २१ अंशांवर आली की सुमारे १८ ग्रॅमच धरू शकते. उरलेली वाफ जिथं थंड लोखंड आणि तांबं मिळेल तिथं दव होऊन बसते. मोटारीच्या पोटातली जागा लहान, त्यामुळे एका रात्रीत फारसं पाणी साठत नाही. पण हे चार महिने रोज चालतं, आणि आपल्याकडे आत बगॅसची धूळ बसलेली असते. ती धूळ आलेला ओलावा धरून ठेवते, सोडत नाही.

दुसरी वाट तापमानाच्या फरकाची. फायबरायझरची मोटार काही टनांची. रात्रभर गार झालेलं ते लोखंड लवकर तापत नाही. श्रावणात पाऊस थांबून ऊन पडलं की दहाच्या सुमाराला हवा गरम आणि दमट होते, लोखंड मात्र अजून रात्रीच्याच तापमानावर असतं. अशा वेळी बॉडीवरून हात फिरवलास तर तळवा ओला होईल. जे बाहेर दिसतं तेच आत चाललेलं असतं. म्हणून पाऊस ओसरला की काळजी संपली असं धरू नकोस. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरात जमीन ओली, आकाश मोकळं, रात्री गार आणि दिवस तापलेले असतात. दवाला याहून सोयीचे दिवस नाहीत, आणि नेमक्या त्याच दिवसांत सगळे बॉयलरच्या अग्निप्रदीपनाच्या गडबडीत असतात.

नेमप्लेटवर आयपी ५५ लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नकोस. पहिला ५ धुळीसाठी, दुसरा ५ पाइपच्या पाण्याच्या माऱ्यासाठी. दव अडवण्याची हमी त्यातला कुठलाच आकडा देत नाही. उलट जितकी मोटार घट्ट बंद, तितकं आत साठलेलं पाणी बाहेर पडायला कठीण.

गरम मोटारीवर पाइप मारू देऊ नकोस

हंगाम संपला की मिल हाउस धुतात. रस, मळ, बगॅस यांनी सगळं चिकट झालेलं असतं, त्यामुळे धुणं भागच आहे. पण माणूस पाइप घेतो आणि वाटेत येईल त्यावर मारत सुटतो. तासाभरापूर्वी थांबलेल्या मोटारीवर गार पाणी पडलं की आतली हवा एकदम आकसते आणि शाफ्टच्या फटीतून पाणीच आत खेचलं जातं. अख्ख्या हंगामात जे झालं नाही ते पाच मिनिटांत होतं. धुणाऱ्यांना आधी सांग, मोटार पूर्ण गार होईपर्यंत तिच्याजवळ पाइप न्यायचा नाही, आणि नंतरही तिच्यावर मारायचा नाही. मोटार पुसायची.

बाहेरच्या फिन्समधला भुसा खरवडून काढ. उघडी मोटार असेल तर आतली धूळ व्हॅक्यूमनं ओढून घे. कॉम्प्रेसरची हवा मारणार असशील तर आधी रिसीव्हरचा ड्रेन सोडून पाणी काढून टाक, नाहीतर कोरडं करायला जाशील आणि फवारा मारून येशील. दाब २ किलोच्या वर नेऊ नकोस. जास्त दाबानं धूळ निघत नाही, वाइंडिंगच्या फटीत आणखी खोल जाऊन बसते.

हिटरची लाइन वेगळी ठेव

दव धरू नये म्हणून करायचं एवढंच, की मोटार भोवतालच्या हवेपेक्षा ५ ते १० अंश गरम राहिली पाहिजे. त्यासाठीच मोठ्या मोटारींत स्पेस हिटर दिलेले असतात. काँटॅक्टरच्या एनसी काँटॅक्टमधून त्यांची लाइन घेतली की मोटार बंद पडताच हिटर चालू होतो, मोटार सुरू होताच बंद. ड्रॉइंगमध्ये हे बिनचूक असतं. गोंधळ हंगामानंतर होतो. आपलं टर्बाइन थांबतं, कारखाना महावितरणच्या लाइनवर येतो, बिल डोळ्यांत खुपायला लागतं आणि कोणीतरी शहाणा पॅनलचा मेन पाडून जातो. मेनबरोबर हिटरही जातो. म्हणून हिटरचा पुरवठा पॅनलच्या मेनवर ठेवू नकोस. लाइटिंगच्या किंवा वेगळ्या डीबीवरून घे आणि त्या एमसीबीवर ठळक पाटी लाव: ‘मोटार हिटर – बंद करू नये’.

बिलाचं कोणी बोललं तर हिशोब मांडून दाखव. १०० वॅटचा हिटर दिवसाला २.४ युनिट खातो, म्हणजे सहा महिन्यांच्या १८० दिवसांत ४३२ युनिट. या पैशात मोठ्या मोटारीची रिवाइंडिंग सोड, तिला क्रेननं उचलून ट्रकवर ठेवण्याचा खर्चही भागणं कठीण.

हिटर चालू आहे हे दिवा बघून मानू नकोस. दिवा लाइन आल्याचं सांगतो, हिटरची पट्टी आत जळून तुटली असेल तरी तो लागलेलाच राहतो. करंट माप. २३० व्होल्टला १०० वॅटचा हिटर ०.४३ अँपिअर घेतो. क्लँप मीटरला एवढा बारीक करंट नीट पकडता येत नाही, म्हणून वायरचे दहा वेढे जबड्यात घे आणि आलेला आकडा दहानं भाग. मीटरवर ४.३ च्या आसपास दिसलं तर हिटर ठीक. महिन्यातून एकदा प्रत्येक मोटारीचं हे माप घ्यायचं.

आणि यात जिवाची गोष्ट आहे, ती नीट ऐक. मेन फ्यूज काढले, ब्रेकर बाहेर ओढला, लॉक लावलं, तरी हिटरच्या टर्मिनलवर २३० व्होल्ट असतात. बॉक्स उघडायच्या आधी हिटरची लाइनही पाडायची आणि टेस्टर लावून खात्री करायची. बॉक्सच्या झाकणावर तशी पाटी नसेल तर आजच लाव.

हिटर नसेल तर

लहान मोटारींत हिटर नसतात. तिथं वाइंडिंगलाच थोडा करंट देऊन गरम ठेवता येतं. ट्रान्सफॉर्मरवरून दोन टर्मिनलांना कमी व्होल्टेज द्यायचं, साधारण मोटारीच्या व्होल्टेजच्या ५ ते १० टक्के. ४१५ व्होल्टच्या मोटारीला हे २० ते ४० व्होल्टच्या घरात येतं. नेमका आकडा मोटारीच्या पुस्तकात बघून किंवा कंपनीला विचारून ठरव, आणि पहिल्या दिवशी बॉडीचं तापमान तासातासाला घे. मोटार व्हीएफडीवर असेल तर ड्राइव्हच्या मेनूत प्री-हीटची सोय आहे का बघ. अनेक ड्राइव्हमध्ये ती असते आणि कोणी चालू केलेली नसते.

जुनी माणसं मोठ्या मोटारीच्या आत १०० वॅटचा बल्ब सोडून ठेवायची. उपाय खरा आहे, पण आता कोणी स्टोअरमधून एलईडी आणून लावतो. एलईडी उजेड देईल, ऊब देणार नाही. आणि जुना तारेचा बल्ब मिळालाच, तरी तो बगॅसच्या धुळीजवळ उघडा ठेवू नकोस, ती धूळ पेट घेते. डिस्टिलरीच्या फ्लेमप्रूफ मोटारीत असला कुठलाच घरगुती उपाय नाही. तिथं कंपनीनं मोटारीबरोबर मंजूर करून दिलेलाच हिटर.

ड्रेनचं भोक शोधून ठेव

दव अडवलं तरी थोडं पाणी साठायचंच, त्याला वाट हवी. मोटारीच्या तळाला, दोन्ही टोकांना ड्रेनची भोकं असतात, त्यांत प्लग असतो. ओव्हरहॉलिंग झालं की रंगारी त्यावर ब्रश फिरवतो आणि भोक बुजतं. हंगाम संपल्यावर प्लग काढ, भोक साफ कर, आणि पावसाळाभर महिन्यातून एकदा बघ. मोटार बंद आणि हिटरची लाइन पाडलेली असतानाच तार घालायची, तीही बोटभरच. वर वाइंडिंग आहे.

मोटार ज्या बाजूनं बसवली आहे तिचा सर्वांत खालचा भाग कुठला, हे स्वतः बघ. पायांवर बसणारी मोटार कोणी उभी किंवा भिंतीला लावली असेल, तर मूळ भोक बाजूला राहतं आणि पाणी दुसरीकडे साठतं. अशा वेळी नवी जागा मोटारीच्या कंपनीला विचारून ठरवायची. सेंट्रिफ्युगलच्या उभ्या मोटारी म्हणून मुद्दाम तपास. फ्लेमप्रूफ मोटारीला मात्र ड्रिलचं टोकही लागता कामा नये, तिचा ड्रेन प्रमाणित असतो, तो तसाच ठेवायचा.

टर्मिनल बॉक्स हे दार आहे, ते लावून घे

केबल वरून येत असेल तर पाणी तिच्या अंगावरून घसरत थेट ग्लँडवर येतं. बॉक्समध्ये शिरण्याआधी केबलला खाली झोळ दे म्हणजे थेंब तिथंच गळतील. शक्य असेल तर केबल खालून घे. डबल कॉम्प्रेशन ग्लँड वापर आणि तो केबलच्या मापाचाच हवा. रिकाम्या भोकात कॉटन वेस्ट कोंबलेलं दिसलं तर ते काढून धातूचा प्लग बसव, वेस्ट पाणी शोषतं आणि आतच ठेवतं. दरवेळी उघडल्यावर गॅस्केट बघ. चपटं, कडक झालेलं गॅस्केट पुन्हा लावू नकोस. टर्मिनल प्लेटवर हिरवट किंवा काळ्या रेघा दिसल्या तर ओलावा तिथं कधीचा येतोय, असं समज.

गुंडाळू नकोस, छत्री दे

हंगाम संपल्यावर मोटारीला प्लास्टिक गुंडाळून सुतळीनं आवळायची सवय आपल्या सगळ्या कारखान्यांत आहे. बघणाऱ्याला वाटतं काळजी घेतली. प्लास्टिकच्या आत जमिनीची वाफ कोंडते, रात्री तिचं पाणी होतं आणि ते बाहेर जाऊ शकत नाही. साखरेची रिकामी पोती टाकणं तर आणखी वाईट, ज्यूटचं पोतं दिवसेंदिवस ओलं राहतं. पत्र्याचं किंवा ताडपत्रीचं छप्पर कर, मोटारीपासून वीतभर वर, चारी बाजूंनी वारा खेळेल असं. आयडी फॅनच्या आणि स्प्रे पाँडजवळच्या इंजेक्शन पंपांच्या मोटारींना हे आधी.

शाफ्ट फिरव, ब्रश उचल

महिन्यातून एकदा शाफ्ट हातानं फिरव. पूर्ण फेरे देऊन थांबताना आधीच्या जागेपेक्षा पाव फेरा पुढं थांब, म्हणजे बेअरिंगचे रोलर त्याच जागी दबून राहत नाहीत आणि ग्रीस सगळीकडे पोचतं. ग्रीस दुधासारखं पांढरट दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय, ते बदलायचं.

जुन्या स्लिप रिंग मोटारी असतील तर हंगाम संपताच ब्रश रिंगवरून उचलून ठेव. दमट हवेत कार्बन आणि रिंग महिनोन्महिने चिकटून राहिले की रिंगवर ब्रशच्या आकाराचा डाग खोदला जातो, आणि पुढच्या हंगामात त्याच जागी ठिणग्या उडतात.

कोणी म्हणेल, हे सगळं करण्यापेक्षा आठवड्यातून पाच मिनिटं मोटार फिरवूया. पाच मिनिटांत मोटार जेमतेम कोमट होते, थांबल्यावर गार होते आणि जाता जाता दमट हवेचा आणखी एक श्वास घेते. फिरवायचीच असेल तर बॉडी चांगली गरम होईपर्यंत फिरव, पंप कोरडा चालणार नाही हे पाहून, किंवा कपलिंग सोडून. थांबवल्याबरोबर हिटर चालू झाला का ते बघूनच तिथून हल.

मेगरचा आकडा एकटा वाचू नकोस

मेगर लावायच्या आधी सगळ्या लाइनी पाडायच्या, केबल सोडायची, ड्राइव्ह असेल तर तो वेगळा करायचा, नाहीतर मोटारीऐवजी ड्राइव्ह जाईल. ४१५ व्होल्टच्या मोटारीला ५०० व्होल्टचा मेगर, एचटी मोटारीला तिच्या व्होल्टेजप्रमाणे मोठा. बरोबर एक मिनिटानं आकडा घ्यायचा, सुई हलत असताना मनाला येईल तेव्हा नाही. आयईईई ४३ प्रमाणे साध्या तारेच्या एलटी वाइंडिंगला ४० अंशांवर किमान ५ मेगाओहम आणि फॉर्म कॉइलच्या एचटी वाइंडिंगला किमान १०० मेगाओहम धरतात. तापमान १० अंशांनी वाढलं की आकडा साधारण निम्मा होतो, म्हणून आकड्याशेजारी तापमान लिहिलं नाहीस तर तो आकडा कामाचा नाही. एचटी मोटारीला दहा मिनिटांचा आकडाही घे. त्याला एका मिनिटाच्या आकड्यानं भागून २ किंवा जास्त आलं तर वाइंडिंग कोरडं आहे. टेस्ट झाली की वाइंडिंग अर्थला जोडून ठेव, टेस्ट जितका वेळ केलीस त्याच्या चौपट वेळ तरी.

आता खरी गोष्ट सांगतो. जूनमध्ये २०० मेगाओहम होते आणि ऑगस्टमध्ये २० आले, तर पाचापेक्षा जास्त आहेत म्हणून ‘ओके’ लिहू नकोस. मोटार ओल धरते आहे आणि सप्टेंबरात ती पाचाच्या खाली येईल. हिटर, ड्रेन, ग्लँड, सगळं त्याच दिवशी बघ. म्हणून प्रत्येक मोटारीचं रजिस्टरात एक पान हवं, एकाखाली एक आकडे दिसतील असं.

वाळवताना घाई करू नकोस

ओली मोटार ‘चालवून वाळवू’ म्हणणाऱ्याला लांब ठेव. ओल्या वाइंडिंगला पूर्ण व्होल्टेज दिलं की इन्शुलेशन फुटतं. पहिल्याच स्टार्टला अर्थ फॉल्टचा रिले पडला, तर तो रिसेट करून पुन्हा बटण दाबू नकोस. एवढ्या एका दाबात ओली मोटार जळकी होते.

एंड कव्हर सैल कर, ड्रेन उघड, मग बाहेरून गरम हवा दे किंवा आतून कमी व्होल्टेजचा करंट. तापमान हळूहळू वाढव, वाइंडिंग ८०-९० अंशांच्या वर जाऊ देऊ नकोस आणि आलेली वाफ बाहेर पडेल अशी वाट ठेव. तासातासाला मेगर घेत राहा. सुरुवातीला आकडा वाढण्याऐवजी खाली येईल. नवी माणसं इथं घाबरतात आणि काम थांबवतात. वाइंडिंग तापलंय आणि आतली ओल बाहेर येतेय, म्हणून तो उतरतो. पुढं तो तळाला काही वेळ रेंगाळतो, मग चढायला लागतो आणि शेवटी एका जागी स्थिर होतो. स्थिर होईपर्यंत काढू नकोस.

स्टोअरमधली मोटार विसरू नकोस

ऐन गळितात एखादी मोटार गेली तर भरवसा स्टोअरमधल्या स्पेअरवर असतो, आणि वर्षभर तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. तिला जमिनीवर ठेवू नकोस, लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून लांब ठेव. तिच्याही हिटरला लाइन दे, तिचाही शाफ्ट फिरव, तिचंही पान रजिस्टरात ठेव. रिवाइंडिंगहून मोटार पावसात ट्रकमधून आली तर उतरवल्याबरोबर मेगर घे, निदान ओल वाटेत धरली की आपल्याकडे, हे तरी कळेल.

सप्टेंबरात शेवटची फेरी

सगळ्यात शेवटी तारखेचं. अग्निप्रदीपनाच्या आदल्या दिवशी मेगर घेण्याला अर्थ नाही. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात एक पूर्ण फेरी मार, फायबरायझर, मिल, आयडी फॅन, फीड पंप, इंजेक्शन पंप या क्रमानं, कारण यातली एक थांबली तरी गाळप थांबतं. तेव्हा सापडलेली ओली मोटार जागच्या जागी चार-सहा दिवसांत वाळवता येते. तीच ऑक्टोबरअखेरीस सापडली तर रिवाइंडिंगवाल्याकडे आजूबाजूच्या सगळ्या कारखान्यांच्या मोटारी आधीच रांगेत असतात, आणि इकडे यार्डात उसाच्या गाड्या उभ्या. ऑक्टोबरच्या मध्याला दुसरी फेरी मार, पाऊस गेला असला तरी. मोळी पडेपर्यंत आणि मोटार स्वतःच्या गरमीवर येईपर्यंत हिटर बंद करायला कोणी सांगितलं तर त्याला रजिस्टर दाखव, आणि बंद करायचाच असेल तर त्या पानावर सही करायला सांग.